रात्री दर्यावर वीज लवली तर कापलेलं भात दुपारच्या आत उचला

कोकणात हळव्या (लवकर पिकणाऱ्या) आणि निमगरव्या (मध्यम मुदतीच्या) भाताची कापणी सुरू झाली आहे. दर ऑक्टोबरात तेच बघतो. सकाळी लख्ख ऊन पडलं की भात कापायचं, वाळू दे म्हणून मळ्यातच पसरून ठेवायचं आणि जेवायला घरी जायचं. तीन-चारच्या सुमारास सह्याद्रीकडून काळोख करून येतं आणि लोंब्या पाण्यात जातात. दोन-तीन दिवसांत दाण्याला कोंब दिसतात.

आदल्या रात्री पश्चिमेला वीज लवत असते, पण आवाज नसतो. ‘पाऊस दर्यात गेला’ म्हणून माणसं निर्धास्त झोपतात. गडगडाट फार तर 15-20 किलोमीटरवर ऐकू येतो, लखलखाट मात्र 100 किलोमीटरवरूनही दिसतो. आवाज नाही म्हणून धोका टळला, असं धरू नका.

समुद्रावर विजा मुळात कमी. जमिनीवर त्याच्या साधारण दहापट. पाणी उन्हानं जमिनीसारखं भडकन तापत नाही, म्हणून हवा जोरात वर चढत नाही. शिवाय मिठाच्या जाड कणांवर थेंब लवकर मोठे होतात आणि बर्फ होण्याआधीच बरसून जातात. वीज तयार व्हायला ढगात उंचावर बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर घासाव्या लागतात. म्हणून जुलैत समुद्रावरून येणाऱ्या ढगांतून धो-धो पाऊस असून विजा थोड्या.

तेव्हा अशा समुद्रावरही वीज लवते, म्हणजे ढग बर्फाच्या उंचीपर्यंत चढताहेत. दुसऱ्या दिवशी तापलेली जमीन आणि घाट त्यात भर घालतात, आणि पूर्वेचा वारा घाटावरचे ढग संध्याकाळी आपल्यावर आणतो. माझा अनुभव असा की, रात्री दर्यावर लवलं आणि सकाळी दव कमी पडून उकडू लागलं, की त्या दिवशी भरवसा ठेवू नये.

म्हणून दुपारी दोनच्या आत झोडून किंवा झाकून होईल तेवढंच भात कापा. मजूर मिळाले म्हणून अख्खा मळा आडवा करू नका. ओल्या भाताची उडवी (भाऱ्यांचा ढीग) गच्च रचू नका, आतून तापते.

भिजलंच, तर पाणी काढून द्या आणि लोंब्यांवर 5 टक्के मिठाचं पाणी फवारा: लिटरला 50 ग्रॅम साधं मीठ. कोंब रोखायला ते पुरतं. कापलेल्या भातासाठी दुकानदार टॉनिकची बाटली पुढे करील, ती घेऊ नका. तोडलेल्या रोपाला टॉनिक काय करणार?

बाकी कामं:
- लोंबीतले 80-90 टक्के दाणे पिकल्यावर कापणी
- दातेरी वैभव विळ्यानं जमिनीलगत कापणी
- साठवणीआधी ओलावा 12-14 टक्क्यांवर
- बियाण्याचं भात वेगळं झोडणं

फोनवर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अॅप ठेवा. लखलखाट आणि गडगडाट यांत 30 सेकंदांहून कमी अंतर असेल, तर विळा तिथंच टाकून पक्क्या घरात जा. माडाखाली, आंब्याखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका, भात भिजत असलं तरी.