टप्प्याटप्प्याने नर्मदा परिक्रमा: निघण्याआधीची तयारी

सॅक भरायला घेण्याआधी नकाशा आणि कॅलेंडर घेऊन बसा. सलग चालणाऱ्याला आज कुठवर पोचलो एवढंच बघावं लागतं. खंड परिक्रमा, म्हणजे दर वर्षी थोडी थोडी चालून पुरी करायची परिक्रमा, करणाऱ्याला मात्र टप्पा कुठे तोडायचा आणि पुढच्या खेपेला तिथे परत कसं पोचायचं, हे आधी ठरवावं लागतं. बाकीची बहुतेक तयारी या एका निर्णयावर अवलंबून असते.

नदीची लांबी १,३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तट मिळून ढोबळमानाने २,६०० किलोमीटर. धरणांच्या फुगवट्यामुळे आणि झाडीतल्या वळशांमुळे प्रत्यक्ष चाल याहून वाढते. आता सुट्टीचा हिशोब. सोळा दिवसांची रजा मिळाली तर जाण्यायेण्याचे दोन, आजारपण किंवा पावसासाठी राखीव एक आणि मधल्या विश्रांतीचा एक असे चार दिवस वजा करा. चालायला बारा उरतात. त्यांना वीस किलोमीटरने गुणून २४० लिहिणं ही नेहमीची चूक. सलग चालणाऱ्याचं शरीर आठ-दहा दिवसांत रुळतं आणि पुढे महिनोन्महिने साथ देतं. आपल्याला फोड, पोटऱ्यांचे गोळे आणि खांद्यावरचे वळ हे सगळं दर टप्प्याला नव्याने सोसायचं असतं. म्हणून पहिले तीन दिवस तेरा-तेरा किलोमीटर, मग नऊ दिवस वीस-वीस धरा. एकूण २१९. या हिशोबाने बारा टप्पे होतात. वर्षाला दोन केले तर सहा वर्षं.

कोणता टप्पा कधी, हे ऋतूवर ठरतं. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास, त्यात परिक्रमा चालत नाहीत. तो नियम व्यवहारालाही धरून आहे, कारण त्या काळात ओढे भरलेले असतात आणि काठची काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते. कार्तिकीनंतर मार्चच्या मध्यापर्यंतचे दिवस चांगले. त्यातही डिसेंबर-जानेवारी गुजरात आणि निमाड (मध्य प्रदेशाचा नैऋत्य भाग) यांसाठी ठेवा. अमरकंटक हजार मीटरच्या वर आहे, तिथे ऐन थंडीत दहिवर गोठतं. डिंडोरी-अमरकंटकचा टप्पा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात घेतला तर सॅकमधलं किलोभर गरम कपड्यांचं ओझं वाचतं. एप्रिलमधलं निमाड कोणत्याही सबबीवर नको.

टप्पा तोडायची जागा निवडताना तीन गोष्टी बघा: त्याच तटावरून निघणारी बस किंवा रेल्वे, रात्री मुक्कामाची सोय आणि पुढच्या वेळी सकाळी दहाच्या आत तिथे पोचता येणं. दक्षिण तटावर ओंकारेश्वर (खंडव्याहून बस), बडवानी, अंकलेश्वर, नर्मदापुरम, बरमान (स्टेशन करेली) आणि हंडिया (स्टेशन हरदा) ही ठिकाणं सोयीची. उत्तर तटावर भरूच, महेश्वर, नेमावर, बुधनी आणि जबलपूरचा ग्वारीघाट. ओंकारेश्वराहून निघालात तर पहिल्याच टप्प्यात रावेरखेडीला पहिल्या बाजीरावांची समाधी लागते. तिथे अर्धा दिवस राखून ठेवा.

तीन जागी टप्पा तोडू नये. पहिली शूलपाणीची झाडी. बडवानीहून निघालात की थेट गुजरातेतल्या गोरा गावापर्यंत जायचं आणि त्यासाठी आठ ते दहा दिवस धरायचे. मधला बराच भाग नंदुरबार जिल्ह्यातला सातपुडा. चढउतार तीव्र आहेत, वस्ती विरळ आहे आणि फोनला रेंज नसते. मध्येच सोडलं तर पुढच्या वर्षी त्या पाड्यापर्यंत पोचण्यातच रजेचे दोन दिवस जातील.

दुसरी जागा समुद्र. दक्षिण तटावरून नावेने उत्तर तटावर मिठी तलाईला जातात, आणि नाव भरतीवर सुटते, कधी पहाटे तर कधी मध्यरात्री. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक प्रचंड आहे. ओहोटी लागली की नाव चिखलात बसते, त्यामुळे नावाड्याशी वेळेवरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी असते आणि अष्टमीच्या आसपास लहान, म्हणून रजेचे दिवस ठरवताना तिथीही बघा. या टप्प्यात राखीव दिवस एकाऐवजी दोन ठेवा आणि समुद्र टप्प्याच्या मध्यावर येईल असं बघा. अंकलेश्वर ते भरूच हा टप्पा नकाशावर गमतीचा दिसतो. रेल्वेने पूल ओलांडून काही मिनिटांचं अंतर, पण आपण समुद्रापर्यंत जाऊन, नावेने पलीकडे उतरून पुन्हा वर यायचं.

तिसरी जागा अमरकंटक. उत्तर तटाने तिथे पोचून घरी परतू नका. माई की बगियाकडून उगमाला वळसा घाला, दक्षिण तटावर या, किमान एक मुक्काम खाली उतरा आणि मग परत फिरा. नाहीतर पुढच्या वर्षी सुरुवात नेमकी कोणत्या तटावरून करायची यावरच वाद सुरू होतात. जवळचं स्टेशन पेंड्रा रोड.

नियमांची उजळणी थोडक्यात. मैया कायम उजव्या हाताला. उपनद्या ओलांडायच्या, तिचं पात्र ओलांडायचं नाही. ओंकारेश्वराचं मंदिर मांधाता बेटावर आहे, म्हणून परिक्रमा चालू असताना तिथे पाऊल ठेवत नाहीत. संकल्प बेटाच्या अलीकडे, दक्षिण तटावर होतो. पण उत्तर तटावरून महाराष्ट्रात परतायचं तर पूल ओलांडावाच लागतो. त्यासाठी प्रत्येक टप्प्याचा संकल्प वेगळा घेऊन तो टप्प्याच्या शेवटी पूर्ण करण्याचा मार्ग बरेच जण धरतात. घाटावरचे पुरोहित किंवा तुमचे गुरुजी सांगतील ते एकदाच विचारून घ्या आणि बाराही टप्प्यांना तेच ठेवा. दर आश्रमात नवं मत विचारत बसलात तर डोकं फिरेल.

जिथे थांबलात त्या जागेची नोंद चोख हवी. 'बरमानजवळ' एवढ्याने काही कळत नाही. तट, घाटाचं किंवा टोल्याचं (वस्तीचं) नाव, ग्रामपंचायत आणि तारीख वहीत लिहा. फोनवरचे अक्षांश-रेखांश कागदावर उतरवा, कारण सहा वर्षांत फोन बदलतोच. एखादं देऊळ, पार किंवा पुलाचा खांब दिसेल असा फोटो काढा. वहीवर आश्रमाचा किंवा पंचायतीचा शिक्का घ्या; पुढच्या वर्षी पहिल्या मुक्कामी तो दाखवला की प्रश्न कमी होतात. आधारकार्डाच्या दोन प्रती आणि चार फोटो याच वहीच्या कव्हरात.

जुन्या पुस्तकांतल्या मुक्कामांच्या याद्या प्रेमाने वाचा, पण त्यांच्या भरवशावर चालू नका. बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर या धरणांनी काठची पुष्कळ वाट गिळली आहे. बडवानीचा राजघाटही बुडाला. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. पावसाळा संपताना पाणी वर असतं आणि उन्हाळ्याकडे उतरत जातं, त्यामुळे मार्चमध्ये कोणी चाललेली काठची वाट नोव्हेंबरात पाण्याखाली असू शकते. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा जरूर घ्या, पण तो दाखवतो ती पायवाट खरंच आहे का, हे आदल्या मुक्कामी विचारून खात्री करा. तवा, हिरण, ओरसंग यांसारख्या उपनद्या संगमावर उतरून पार करण्याचा मोह टाळा. वाळूखाली खोल गाळ असतो. वर पूल असेल तिथवर जा, दोन-चार किलोमीटर वाढले तरी चालतील.

आता सॅक. पाणी सोडून सहा ते सात किलो, त्यापलीकडे नाही. अंगावरचा एक आणि सॅकमध्ये एक असे कपड्यांचे दोन जोड (पांढरे नेण्याची रीत आहे, सक्ती नाही), पंचा, मोज्यांचे तीन जोड, कानटोपी, पातळ फोमची मॅट, किलोभर वजनाची स्लीपिंग बॅग, ताट-पेला, लिटरची बाटली, दहा मीटर दोरी आणि टॉर्च. आश्रमांत कांबळी मिळतात, पण गर्दीच्या दिवसांत मिळतीलच असं नाही. जेवण बहुतेक ठिकाणी तयार मिळतं, काही ठिकाणी सदाव्रत म्हणून कोरडा शिधा मिळतो. दोन-तीन जणांत एक लहान पातेलं पुरतं. शिवाय प्रत्येकी पाव किलो चणे-गूळ आणि ओआरएसची दहा पाकिटं. पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या. पैसे दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांत, कारण फोनवरून पैसे देणं झाडीत चालत नाही. सॅनिटरी पॅड घरूनच न्या आणि वापरलेले बांधून बाहेर आणा. काठी हवीच. उतारावर गुडघ्यांना तिचा आधार, गावात शिरताना कुत्र्यांना धाक. पोरांना वाटायला चॉकलेटं नेऊ नका. मागून येणाऱ्या प्रत्येकापुढे मग हात पसरले जातात.

अनेक वर्षं चालणाऱ्यांच्या तयारीत एक कलम खास आहे: दोन टप्प्यांमधली सामानाची निगा. सगळ्यात जास्त दगा देतात ते बूट. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर माळ्यावर पडलेल्या बुटाच्या तळव्यातला फोम दमटपणाने कुजतो. वरून नवा दिसणारा बूट दुसऱ्या दिवशी तळापासून सुटतो. निघण्याच्या महिनाभर आधी तेच बूट घालून, सॅक पाठीवर घेऊन वीस किलोमीटर चाला. सुटायचे तर इथेच सुटतील. नवे घ्यायचे झाल्यास एक नंबर मोठे घ्या, पाय दुपारनंतर सुजतात, आणि किमान शंभर किलोमीटर वापरल्याशिवाय नेऊ नका. स्लीपिंग बॅग दाबून भरलेली ठेवू नका, कपाटात सैल टांगा. टॉर्चमधले सेल काढून ठेवा, पॉवर बँक अर्धी भरलेली ठेवा. औषधं आणि ओआरएसच्या तारखा दर वेळी तपासा. सोबत नेलेल्या मैयाच्या जलाची कुपी घट्ट झाकणाची हवी. मधल्या काळात ती देवघरात ठेवतात आणि पुढच्या टप्प्याच्या पहिल्या घाटावर तिच्यात भर घालतात. प्लॅस्टिकची असेल तर दोन वर्षांत झाकणाला चीर जाते.

शरीराची तयारी तीन महिने आधीपासून. आठवड्यात चार दिवस सहा ते आठ किलोमीटर, आणि शनिवार-रविवार लागोपाठ पंधरा-पंधरा, सॅकसकट. लागोपाठ हा शब्द महत्त्वाचा, कारण पाय बोलायला लागतात ते दुसऱ्या दिवशी. शेवटच्या पंधरवड्यात चाल निम्म्यावर आणा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघा. मधुमेह असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की जेवणाच्या वेळा आपल्या हातात नसतील आणि प्रसाद गोड असेल.

सोबत दोघं ते चौघं पुरे. "कितनी मूर्ति हैं?" म्हणजे किती जण आहात, हा प्रश्न रोज संध्याकाळी येतो, आणि उत्तर दहा असेल तर छोट्या गावाची चूल कोलमडते. चारच्या सुमारास मुक्कामी पोचा. अंधारात दार वाजवणाऱ्यासाठी कोणाला तरी पुन्हा पीठ मळावं लागतं.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. जाण्याचं तिकीट पक्कं काढा. परतीचं इटारसी, खंडवा किंवा जबलपूर अशा मोठ्या स्टेशनवरून, राखीव दिवस धरून काढा. शेवटच्या तारखेला बांधलेला माणूस शेवटचे दोन दिवस तीस-तीस किलोमीटर रेटतो आणि गुडघा घेऊन घरी येतो. पुढच्या टप्प्याला लागतो तो हाच गुडघा.

बारावा टप्पा मुद्दाम आखूड ठेवा, हंडियाहून ओंकारेश्वरापर्यंतचा, आणि मागे दोन दिवस मोकळे सोडा. संकल्पपूर्ती, कन्यापूजन, कढई (मैयाला शिऱ्याचा नैवेद्य), आणि मग बेटावर जाऊन जल वाहणं हे एका सकाळीत उरकत नाही. शिऱ्याचं सामान ओंकारेश्वरच्या बाजारात मिळतं, ते घरून वाहून नेऊ नका.