झिओलाइटची गाळणी: पाण्यातलं शिसं-तांबं कसं पकडायचं

आमच्या सिन्नर-नाशिक भागात विहीर खोदताना किंवा खडी क्रशरवर दगड फुटताना काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांतून स्फटिक निघतात. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय याच खजिन्यावर उभं आहे. यातले बरेचसे झिओलाइट असतात आणि ते पाण्यातले धातू धरून ठेवतात. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते आणि दरवर्षी मुलांकडून ही गाळणी करून घेते.

करायला घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा: आपल्या पाण्यात नेमका कोणता धातू आहे? झिओलाइटचा सांगाडा सिलिका आणि ॲल्युमिनाचा. सिलिकॉनच्या जागी जिथे जिथे ॲल्युमिनियम बसतं तिथे एक ऋण भार उरतो, आणि तो भागवायला सांगाड्याच्या बोगद्यांत सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम सैलसर बसलेले असतात. पाण्यातून शिसं आलं की ते आत शिरतं आणि सोडियम बाहेर पडतं. शिशाला ही जागा फार मानवते. तांबं, जस्त, कॅडमियम त्याच्या मागे, आणि निकेल बरंच मागे. हे सगळे धन भाराचे. क्रोमियमचं विषारी रूप, म्हणजे क्रोमेट, ऋण भाराचं असतं, आणि आर्सेनिक पाण्यात ऋण भाराचं किंवा भाराविना असतं. त्यामुळे साधा झिओलाइट त्यांना जवळजवळ हातही लावत नाही. आर्सेनिकसाठी लोहाचे ऑक्साइड लागतात. आयआयटी खरगपूरमध्ये लोहाचे ऑक्साइड असलेल्या जांभ्या दगडावर आम्ल-अल्कलीची प्रक्रिया करून आर्सेनिकची गाळणी तयार झाली ती याच कारणाने. ‘सर्व जड धातू काढणारा दगड’ असं कुणी विकत असेल तर घेऊ नका.

आता दगड. संत्र्याच्या फिक्या छटेचा, पेंढी बांधल्यासारखा दिसतो तो स्टिलबाइट. मोत्यासारखी चकाकी असलेला ह्यूलँडाइट. दोन्ही चालतात. हिरवट, काचेसारखा ॲपोफायलाइट मुलं हमखास घेऊन येतात, पण तो झिओलाइट नाही. ओळखायची सोपी रीत: कोरडा तुकडा परीक्षानळीत तापवा. झिओलाइट असेल तर नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात, आणि स्टिलबाइट फुलून येतो. 1756 साली स्वीडनच्या क्रॉनस्टेट या खनिजतज्ज्ञाने हेच पाहिलं होतं. (इतर काही खनिजंही तापवल्यावर पाणी सोडतात, म्हणून नुसत्या या खुणेवर भिस्त ठेवू नका.)

कापसासारखा, केसासारख्या बारीक तंतूंचा पांढरा दगड मात्र कुटायचा नाही. एरिओनाइट नावाचा तंतुमय झिओलाइट कर्करोगकारक आहे. तुर्कस्तानातल्या कॅपाडोकिया भागात काही गावांमध्ये त्याच्या धुळीमुळे छातीच्या आवरणाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या होत आला. दगड कोणताही असो, ओला करून कुटा आणि तोंडाला चांगला मास्क लावा. मुलांच्या हातात खलबत्ता देताना मी हे दोनदा सांगते.

दगडांच्या भानगडीत पडायचं नसेल तर क्लिनॉप्टिलोलाइटचे (हाही एक झिओलाइटच) दाणे विकत घ्या. कोळंबीच्या तळ्यांसाठी आणि मत्स्यालयांसाठी ते मिळतात, आणि या कामाला स्टिलबाइटपेक्षा टिकाऊ पडतात. काही वेळा त्या नावाखाली नुसती माती गळ्यात मारली जाते. मूठभर दाणे पाण्यात टाकून ढवळा. चिखल झाला तर ती माती, दाणे शाबूत राहिले तर पुढे चला.

एक ते दोन मिलिमीटरचे दाणे चाळून घ्या. पीठ वापरलं तर नळी तुंबते. अर्धा लिटर दाणे वाहत्या पाण्यात धुवा, गढूळपणा पूर्ण जाईपर्यंत. मग दोन लिटर पाण्यात लिटरला शंभर ग्रॅम या प्रमाणात खडे मीठ विरघळवून त्यात दाणे दिवसभर भिजवा, मिठाचं पाणी बदलून आणखी एक दिवस ठेवा. यात बोगद्यांतलं कॅल्शियम निघून सोडियम भरतं आणि दाण्यांची ताकद बरीच वाढते. ही पायरी बरेच जण वगळतात आणि मग दगडालाच नावं ठेवतात. नंतर शुद्ध पाण्याने धुवा. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पांढरी झाक येईनाशी झाली की मीठ गेलं.

पाच सेंटिमीटर व्यासाची, अर्धा मीटर उंच पारदर्शक नळी उभी करा. तळाला कापडाची चकती, दोन बोटं धुतलेली वाळू, मग दाणे. अर्धा लिटर दाण्यांचा साधारण पंचवीस सेंटिमीटरचा थर बसतो. वर पुन्हा थोडी वाळू. नळीत आधी पाणी भरा आणि दाणे त्या पाण्यात सोडा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. खालून निघणारी रबरी नळी वळवून दाण्यांच्या पातळीच्या वर नेऊन सोडा, म्हणजे थर कधी कोरडा पडत नाही. वेग आवरायला मत्स्यालयाच्या दुकानातला छोटा कॉक पुरतो. मिनिटाला चाळीस मिलिलिटर, त्याहून जास्त नाही. घाई केली तर धातूला आत शिरायला वेळच मिळत नाही.

चाचणी शिशाने करू नका, मोरचुदाने (कॉपर सल्फेटने) करा. द्राक्षवाल्यांच्या घरी बोर्डोसाठी, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीसाठी, ते असतंच. एक ग्रॅम मोरचूद एक लिटर शुद्ध पाण्यात घाला. लिटरला सुमारे 254 मिलिग्रॅम तांबं होतं आणि पाणी फिकट निळं दिसतं. ते वरून हळूहळू सोडा. थोड्या वेळाने दाण्यांच्या वरच्या थरावर निळसर हिरवी झाक चढते. जसजसं पाणी जाईल तसतशी तिची कड खाली सरकते, आणि खालचे दाणे होते तसेच पांढरे राहतात. माझ्या वर्गात या कडेपाशी मुलं नाक लावून उभी राहतात. अदलाबदलीचं समीकरण फळ्यावर कितीही वेळा लिहिलं तरी ते इतकं उमगत नाही.

खाली जमलेल्या पाण्याचे पाच मिलिलिटर घेऊन त्यात अमोनियाचे काही थेंब टाका. गडद निळा रंग आला तर तांबं निसटतंय. कड तळाशी पोचायच्या आधीच थांबायचं.

तोच प्रयोग आता आपल्या बोअरच्या पाण्यात मोरचूद घालून करा. तांबं लवकर निसटतं, कारण जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याच जागांसाठी भांडतं. आम्लाचंही तसंच आहे. सामू (pH) चारच्या खाली गेला तर हायड्रोजन जागा अडवतो आणि दगडही झिजतो. पाच-साडेपाचच्या आसपास काम चांगलं चालतं.

पिण्याच्या पाण्याबद्दल स्पष्ट सांगते. भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. शिशाला रंग नाही, चव नाही आणि अमोनियाची चाचणीही नाही. पाण्यात शिसं असल्याची शंका असेल तर रात्रभर नळात साचलेलं सकाळचं पहिलं पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. जुन्या पीव्हीसी नळ्यांत प्लास्टिक टिकावं म्हणून शिशाचे स्थिरक वापरले जात आणि त्यावर सरकारने 2021 मध्ये नियम केले, तेव्हा आधी नळी तपासा आणि गरज असेल तर बदला. घरी केलेल्या या गाळणीचं पाणी प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय लहान मुलाच्या पेल्यात ओतू नका. फवारणीचे पंप धुतल्यावर उरणारं तांब्याचं पाणी किंवा छोट्या कारखान्याचं धुवण, अशा ठिकाणी ती खरी कामाची. धुवणात चुना असेल तर आधी ते निवळून गाळून घ्यायचं, नाहीतर गाळाने नळी बसते.

पकडलेला धातू नाहीसा होत नाही. जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात 2011 च्या अपघातानंतर इमारतींच्या तळघरांत किरणोत्सारी सीझियम शोषायला झिओलाइटच्या पिशव्या टाकल्या होत्या. आज त्या पिशव्याच इतक्या किरणोत्सारी झाल्या आहेत की त्या बाहेर काढणं हे वेगळंच अवघड काम होऊन बसलं आहे. आपलं प्रमाण चिमूटभर असलं तरी नियम तोच. वापरलेले दाणे पुन्हा मिठाच्या पाण्यात भिजवले की तांबं त्या पाण्यात उतरतं आणि दाणे परत वापरता येतात. शिसं मात्र इतक्या सहज सुटत नाही. त्या मिठाच्या पाण्यात चुन्याची निवळी घाला, निळसर साका तळाशी बसतो. तो गाळून वाळवा आणि नाव-तारीख लिहिलेल्या बंद डब्यात ठेवा. शेणखतात, शेतात, गटारात काहीही जाता कामा नये. महाविद्यालयाचा किंवा कारखान्याचा घातक कचरा रांजणगाव, तळोजा अशा केंद्रांकडे जातो. हा डबा आणि थकलेले दाणे त्याच्यासोबत पाठवा.