विमानात जागा अपुरी पडते? तिकीट काढतानाच हे बघा

गोव्यातल्या दाबोळी किंवा मोपा विमानतळाहून सुटणारी बरीच विमानं एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ कुळातली. त्यांत इकॉनॉमी सीटची रुंदी साधारण १७ ते १८ इंच. अंगाने भारी असाल, तर पहिल्या रांगेसाठी जादा पैसे मोजू नका. पाय मोकळे राहतात, पण तिथे ट्रे बहुधा हाताच्या दांड्यातच बसवलेला असतो. दांडा वर होत नाही आणि कंबरेला जागा उलट कमी पडते. त्यापेक्षा मधल्या रांगेतली, पॅसेजकडची सीट बरी. तिच्या कडेचा दांडाही काही विमानांत बिजागरीखालचं बटण दाबलं की वर जातो.

पट्टा पुरत नसेल, तर आत शिरतानाच क्रूकडे एक्स्टेन्शन बेल्ट मागा. फुकट मिळतो आणि त्यात लाजण्यासारखं खरंच काही नाही. फक्त तो लावून इमर्जन्सी दाराजवळच्या रांगेत बसता येत नाही.

शेजारची सीटही हवी असेल, तर बुकिंगच्या वेळीच कंपनीला विचारून घ्या. चवथीला आणि नाताळात विमानं भरलेली असतात, तेव्हा काउंटरवर ऐनवेळी काही हाती लागत नाही.