ऑक्सिजन सेन्सर खरंच गेलाय का, आधी हे बघा

पेट्रोल गाडीचा चेक इंजिन लाईट लागला, अ‍ॅव्हरेज पडलं, सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास येतोय, की मेकॅनिक लगेच म्हणतो ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदला. थांबा जरा. स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा आणि कोड वाचा. पी०१३५ आला तर तक्रार सेन्सरच्या हीटर सर्किटची असते, मग आधी फ्यूज, कनेक्टर आणि सायलेन्सरला टेकून वितळलेली वायर बघा, कारण कित्येकदा दुखणं तिथंच निघतं.

आता इंजिन चांगलं गरम करून स्कॅनरवर लाईव्ह डेटा (चालू रीडिंग) उघडा. साध्या झिर्कोनिया प्रकारच्या सेन्सरमध्ये कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली नाचायला हवं, एकाच आकड्यावर चिकटलं किंवा फार सुस्त हललं तर संशय घ्या. कॅटनंतरचा मात्र बऱ्यापैकी स्थिरच असतो, त्याला उगाच बदलू नका. मॅनिफोल्डला (इंजिनाला जोडलेल्या नळ्यांच्या संचाला) लीक असेल तरी रीडिंग लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, दाखवतं, तेही तपासा.

बदलायचाच तर इंजिन कोमट असताना पेनिट्रेटिंग ऑइल मारून २२ चा पाना लावा, नव्याच्या टोकाला बोट किंवा ग्रीस लागू देऊ नका, आणि शेवटी कोड क्लिअर करा.