लाँग रननंतर अंगठ्याचं नख काळं पडलं तर
घाबरू नका आणि मुख्य म्हणजे ते नख ओढून काढू नका. बोट बुटाला पुढून हजारो वेळा आपटतं, त्यात उतारावर तर पाय सरकून जास्तच, मग नखाखाली रक्त साकळतं आणि ते काळं दिसतं, एवढंच. दुखत नसेल तर काही करायचं नाही, नख आपोआप सुटतं आणि खालून नवीन येतं, फक्त अंगठ्याचं पूर्ण यायला वर्ष दीड वर्ष जातं. अर्धवट सुटलेलं मोज्यात अडकत असेल तर सुटलेला भाग तेवढा कापा, बाकीच्यावर टेप लावा. ठणका सहन होत नसेल तर डॉक्टरकडून रक्त काढून घ्या, घरी सुई तापवून टोचायचे प्रयोग नकोत, डायबिटीस असेल तर अजिबातच नाही.

खरा दोष बहुतेक वेळा बुटाचा. उभं राहून सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा पाहिजे, आणि बूट संध्याकाळी घ्या कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. लेस बांधताना सगळ्यात वरचं ते रिकामं राहणारं जास्तीचं भोक वापरा (ते शोभेला नाहीये!), टाच पक्की बसते, पाय पुढे सरकत नाही. नखं सरळ कापा, रेसच्या दोन तीन दिवस आधीच.

आणि हो, काहीच न लागता काळा पट्टा आला आणि नख वाढलं तरी तो पुढे सरकत नसेल तर स्किनच्या डॉक्टरला दाखवा, रनिंगवर ढकलू नका.