कोंबडीच्या तंगडीतून ऊतींची ओळख

प्राण्यांच्या ऊतींचे चारही मूलभूत प्रकार पाहण्यासाठी म्हापशाच्या बाजारातून आणलेली, पंजासह अख्खी असलेली कोंबडीची एक तंगडी पुरते. मात्र तुकडे करू नयेत असे दुकानदाराला आधीच सांगावे, आणि हृदय व दाणे भरडणारे जाड जठरही मागून घ्यावे. समान रचनेच्या पेशी एकत्र येऊन ठरावीक कार्य करतात, तेव्हा त्या समूहाला ऊती म्हणतात.

प्रथम कातडी सोलावी. तिच्या बाहेरच्या थरातील अभिस्तर ऊतीच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असल्यामुळे जंतूंना अटकाव होतो; आतड्याच्या अस्तरात हीच ऊती अन्नरस शोषते. कातडीखालची पिवळसर चरबी मात्र संयोजी, म्हणजे अवयवांना जोडणाऱ्या व आधार देणाऱ्या ऊतीत मोडते.

मांस म्हणजे स्नायू ऊती. तंगडीतील पट्टकी (सूक्ष्मदर्शकाखाली आडवे पट्टे दिसणारे) स्नायू इच्छेनुसार हालतात, तर जठराचे अपट्टकी (पट्टे नसलेले) स्नायू आणि हृदयाचे स्नायू आपोआप चालतात.

आता गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्यापाशी (तो खरे तर घोटा असतो) पंजा वेगळा करावा. कापलेल्या जागी मागच्या बाजूस पांढऱ्या, चकचकीत दोऱ्या दिसतात. त्यांतील एक चिमट्याने ओढली की बोटे मिटतात. स्नायूला हाडाशी जोडणारे हे स्नायूरज्जू संयोजी ऊतीच होत. शागुतीत (गोव्याच्या मसालेदार रश्श्यात) कुरकुरीत लागणारी, हाडाच्या टोकावरची कास्थी, हाड आणि द्रव आधारक (पेशींमधला पदार्थ) असलेले रक्त हीसुद्धा संयोजी ऊतीच आहे, हे विद्यार्थ्यांना सहसा पटत नाही.

चौथ्या प्रकारची, म्हणजे चेता ऊती शोधणे सर्वांत चिकाटीचे काम. मांडीचे स्नायू सुरीने न कापता बोटांनी अलग केल्यास त्यांच्यामधून जाणारा फिकट पांढरा धागा सापडतो. स्नायूरज्जू हाडाला जाऊन चिकटतो, हा धागा मात्र फांद्या फोडत पुढे जातो. ही चेतातंतूंची जुडी असून ती संवेदना मेरुरज्जूकडे नेते आणि तिकडचे आदेश स्नायूंपर्यंत पोहोचवते.

हात व सुरी साबणाने धुवावीत. उरलेले बारीक हाड माडाच्या विनेगरमध्ये बुडवून, विनेगर अधूनमधून बदलत आठवडाभर ठेवावे. कॅल्शियमचे क्षार विरघळून मुख्यतः कोलॅजेन हे चिवट प्रथिन उरते आणि तेच हाड रबरासारखे वाकू लागते.