गिअर टाकताच मागून धप्प: डिफरन्शियलचे माउंट कसे निवडायचे

गिअर टाकताच मागून धप्प आवाज आला की संशय जातो तो डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) माउंटवर, म्हणजे तिला धरणाऱ्या रबरांवर. पण आधी गाडी कोणती ते बघा. पद्मिनी आणि ॲम्बॅसिडरला डिफरन्शियलचे वेगळे माउंट नसतातच. तिथे क्राउन-पिनियन (डिफरन्शियलची दातेरी चाकं) मागच्या ॲक्सलच्या पोटात असतं आणि ॲक्सल यू-बोल्टने पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) आवळलेला असतो. आवाज आला तर पाट्यांची बुशं (सांध्यातली रबरं), शॅकल (पाट्यांच्या टोकाचे हलते दुवे), यू-बोल्ट आणि प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणाऱ्या दांड्याचे, क्रॉस (सांधे) तपासा. कॉन्टेसाला मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत, म्हणून तिथे ॲक्सल धरणाऱ्या दांड्यांची बुशं बघायची.

माउंट निवडायचा प्रश्न येतो तो मागची चाकं स्वतंत्रपणे हलणाऱ्या गाड्यांत. मर्सिडीज डब्ल्यू १२३ मध्ये सबफ्रेमला (मागचं सस्पेन्शन आणि डिफरन्शियल धरणाऱ्या चौकटीला) पुढे दोन रबरं आणि डिफरन्शियलच्या मागे बॉडीला धरणारं एक. १९९५ पासून पुण्यात बनलेल्या डब्ल्यू १२४ ची सबफ्रेम चार रबरांवर असते आणि डिफरन्शियल त्या सबफ्रेममध्ये स्वतःच्या रबरांवर. बीएमडब्ल्यू ई ३० ला डिफरन्शियलच्या मागच्या झाकणाच्या कानात एकच मोठं बुश.

पैसे खर्च करण्याआधी एवढं पक्कं समजून घ्या की कडक माउंट टाकल्याने ढिलाई जात नाही. क्रॉसमध्ये, स्प्लाइनमध्ये (शाफ्टच्या खाचांच्या जोडात) किंवा क्राउन-पिनियनच्या दात्यांत जी ढिलाई आहे तिचा ठोका रबर गिळतं. कडक माउंटवर तोच ठोका थेट सीटखाली येतो. नवे पॉलियुरेथेन (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे) माउंट टाकूनही आवाज वाढला, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते.

म्हणून तपासणी आधी. ऑटोमॅटिक गाडी असेल तर आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग) बघा. ते जास्त असेल तर रिव्हर्स टाकताच धक्का बसतोच, त्यात माउंटचा दोष नाही. मग सपाट जागेवर पुढच्या चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, मोबाइल व्हिडिओ चालू करून डिफरन्शियलकडे तोंड करून जमिनीवर ठेवा. गाडीखाली किंवा गाडीच्या पुढे-मागे कुणीही थांबू नये. ब्रेक घट्ट दाबून पहिला आणि रिव्हर्स आळीपाळीने टाका, क्लच जेमतेम धरेल इतकाच सोडा. व्हिडिओत डिफरन्शियलचं नाक (पुढचं टोक) थोडं उचललेलं दिसेल, ते चालतं. नाक उसळून केसिंग सबफ्रेमला किंवा फ्लोअरला लागत असेल, किंवा रबर आणि लोखंडी कवच यांच्यामध्ये फट उघडत असेल, तर माउंट गेलं.

आता इंजिन बंद करून मागची चाकं उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर खाली जाऊ नका. गाडी गिअरमध्ये ठेवून प्रोपेलर शाफ्ट हाताने दोन्हीकडे फिरवून बघा. क्रॉसमध्ये जराही खेळ हाताला लागला तर तो बदलायचाच. मर्सिडीजमध्ये शाफ्टच्या दोन्ही टोकांना रबरी डिस्क असतात, त्यांना बोल्टच्या भोकांभोवती भेगा पडतात. सेंटर बेअरिंगचं रबरही बघून घ्या. क्राउनच्या दात्यांत साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर खेळ ठेवलेलाच असतो. शाफ्टवर तो जास्त वाटतो, म्हणून घाबरून पिनियनचा नट आवळू नका. त्याने बेअरिंगवरचा दाब बिघडतो आणि डिफरन्शियल घोंगावायला लागतं.

आवाजावरूनही अंदाज येतो. गाडी सुटताना एकच कोरडा टक् आला तर बहुधा क्रॉस. आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की सीटखाली जाड धप्प आला तर माउंट. त्याच वेळी वळणावर गाडीचं बूड हललं तर सबफ्रेमची रबरं.

माल कोणता घ्यायचा? रोजच्या गाडीला रबरच. मूळ रबर साधारण ५० ते ६० शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणाचं असतं, बाजारातलं पॉलियुरेथेन बहुतेक ८० ते ९५. पॉलियुरेथेन तेलाला दाद देत नाही, टिकतंही जास्त, पण डिफरन्शियलची घरघर आत आणतं. इंजिन जास्त ताकदीचं केलं असेल तर सबफ्रेमला ८० च्या आसपासचं पॉलियुरेथेन आणि डिफरन्शियलला रबर, ही जोडी बरी. ॲल्युमिनियमचे भरीव माउंट रेसच्या गाडीसाठी ठीक. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि लोखंडी बोल्ट यांच्यामध्ये गंज धरतो आणि पुढच्या वेळी बोल्ट निघतच नाही.

रबर घेताना ते कधी बनलं ते विचारा. वर्षानुवर्षं गोदामात पडलेलं रबर न वापरताच कडक होतं. नख दाबून बघा: खूण उमटून भरून आली पाहिजे. रबर लोखंडाला जिथे चिकटवलंय ती कड नीट निरखा. किनाऱ्यावर माउंट मरतं ते इथेच. गंज या कडेखाली शिरतो आणि वरून धडधाकट दिसणारं रबर आतून सुटतं. आणि बदलाल तेव्हा सगळे माउंट एकदम बदला, नाहीतर नव्यावर जुन्यांचाही भार पडतो.

बोल्ट गंजत नाहीत म्हणून स्टेनलेसचे टाकायचा मोह इकडे फार होतो. तो टाळा. साध्या ए२-७० स्टेनलेस बोल्टची ताकद ७०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, तर १०.९ ग्रेडची १०००. जुन्या बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचून त्याच ग्रेडचे, त्याच लांबीचे, झिंक चढवलेले घ्या.

बसवताना जुनं कवच हॅक्सॉ ब्लेडने आतून चिरून काढा. रबर जाळू नका, पेट्रोलची टाकी जवळच असते. भोक पॉलिश पेपरने साफ करा. नवं बुश आटे असलेला लांब रॉड, जाड वॉशर आणि पाइपचा तुकडा वापरून ओढून आत घ्या, हातोडा नको. रबराला साबणाचं पाणी, पॉलियुरेथेनला सिलिकॉन ग्रीस. रबरात पोकळ्या असतील तर त्यांची दिशा काढताना होती तीच ठेवा. फिरवून बसवलं तर ज्या बाजूने ताण येतो तिथेच ते मऊ पडतं. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, गाडी चाकांवर आली की मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळा. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

पिनियनचं सील गळत असेल तर ते आधी बदला, गळणारं तेल रबर फुगवतं. पावसाळ्याआधी सर्व्हिसिंगला गाडीखाली डिझेल आणि जळकं ऑइल मारून घेण्याची पद्धत आहे. तिथे डिफरन्शियल आणि सबफ्रेमची रबरं प्लास्टिकने झाकून घ्या आणि मारणाऱ्याला आधीच तसं सांगून ठेवा.